लीट्रिमच्या जपानी कुंडात सासूबाईंबरोबर

सकाळी साडेसातला आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनच्या आमच्या घरासमोरून गाडी काढली. मागच्या सीटवर दोन टॉवेल, दशम्यांचा डबा, सासूबाईंचं एक जुनं सुती पातळ आणि मी त्यांच्यासाठी ऑनलाइन मागवलेला, अजून पाकिटातून न काढलेला पोहण्याचा पोशाख एवढं सामान होतं. शेजारी सासूबाई होत्या. आणि डोक्यात नवऱ्याने सोपवलेलं एक काम होतं. ते कसं करायचं याचा मला काडीचाही अंदाज नव्हता.

काम असं होतं. सासूबाई २०२०च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी अकोल्याहून आमच्याकडे आल्या आणि मग विमानंच बंद झाली. तीन महिन्यांचे अठरा महिने झाले. आता ऑगस्ट २०२१ उजाडला होता, विमानं सुरू झाली होती आणि त्यांचं परतीचं तिकीट पुढच्या मंगळवारचं होतं. प्रशांतचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं म्हणणं की आईने जाऊ नये. सासरे जाऊन सहा वर्षं झाली, तिथे ती एकटी, त्यात एप्रिलमध्ये गल्लीतली किती माणसं गेली. त्याने दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा "पाहू" एवढंच उत्तर मिळालं. तेव्हा त्याने मला सांगितलं, "तू बोल. बायका-बायकांत बोलणं वेगळं असतं." बायका-बायकांत बोलणं कसं असतं हे याला कुठून कळलं, कोण जाणे. माझं आणि सासूबाईंचं अठरा महिन्यांतलं बोलणं बहुतेक कुकरच्या शिट्ट्यांबद्दल झालेलं.

त्यांनी राहावं असं मला वाटत होतं का? ते मला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शाळा बंद असताना माझ्या लेकीला, ईराला, त्यांनीच सांभाळलं. मी वरच्या छोट्या खोलीत बसून बॉल्सब्रिजच्या ऑफिसचं काम घरून करत होते, तेव्हा दर अकरा वाजता दाराबाहेर चहाचा कप येऊन बसत असे. आणि त्याच सासूबाई माझ्या प्रेसमधले (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) डबे रोज त्यांच्या मनाप्रमाणे असे लावून ठेवत, की मला जिरं सापडायला दहा मिनिटं लागत. एकाच दिवसात मला त्यांचा आधारही वाटायचा आणि वैतागही यायचा. मी पुण्याची, त्या अकोल्याच्या. चौदा वर्षं झाली लग्नाला, पण आम्ही एकमेकींना तशा लांबच होतो.

तर गुडघ्यांचं निमित्त. त्यांचे गुडघे इथल्या थंडीत धरले होते. मी गरम पाण्याचे झरे शोधायला बसले, तर कळलं की आयर्लंडमध्ये नाव घेण्यासारखा गरम झराच नाही. पण लीट्रिम काउंटीत एका डोंगरउतारावर कोणीतरी जपानी पद्धतीचं उघड्यावरचं स्नानकुंड बांधलं होतं. जपानी लोक अशा गरम पाण्याच्या जागेला ओन्सेन म्हणतात. वेबसाइटवर पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, की टॅटूवाल्यांचं इथे स्वागत आहे. मी चक्रावले. आंघोळीच्या जागी टॅटूचा काय संबंध? मोटरसायकलवाल्या दांडगट लोकांचा अड्डा तर नाही ना, अशी एक शंका आली. मग खाली लिहिलेलं दिसलं की गुरुवारी सकाळी फक्त बायकांसाठी, आणि मी गुरुवार घेऊन टाकला.

"ग्रँड टाइम हं, आजी," ईरा दारातून म्हणाली. ती मराठी सगळं समजते आणि उत्तरं मात्र इथल्या हेलातल्या इंग्रजीत देते.

"आपन चाललो कुठी?" गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर सासूबाईंनी विचारलं. मी हे आदल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं.

"गरम पाण्याच्या कुंडावर, आई. गुडघ्यांना बरं वाटेल."

"कोन्या देवाचं हाय?"

आपल्याकडे जिथे जमिनीतून गरम पाणी निघतं तिथे देव असतोच, त्यामुळे प्रश्न चुकीचा नव्हता. पण जपानी पद्धतीचं, आयर्लंडमधलं, आणि झरा नसलेलं कुंड कोणत्या देवाच्या खात्यात टाकायचं?

"देव नाहीये तिथे," मी म्हणाले.

"मंग पानी गरम कोन करते?" त्यांनी विचारलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

आमच्या घराजवळून निघणारा हा रस्ता सरळ पश्चिमेला जातो. मलिंगर गेलं, लाँगफर्ड गेलं. दोन्ही बाजूंना हिरवं, त्यात गाई, मग पुन्हा हिरवं. पाऊस पडत होता असं म्हणता येणार नाही आणि पडत नव्हता असंही नाही. इथले लोक अशा दिवसाला मऊ दिवस म्हणतात. सासूबाई मधूनच "गाई चांगल्या हायेत" किंवा "वावरात मानूस नाही दिसत एकबी" असं काहीतरी म्हणत. मी तीन वेळा घसा साफ करून विषय काढायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा मागून ट्रक आला. दुसऱ्यांदा त्यांनी दशमी पुढे केली. तिसऱ्यांदा मी चक्क म्हणाले, "आई, ते तिकिटाचं…" आणि त्या म्हणाल्या, "सामान काल भरलं मी. वजन पाहून घेजो एकडाव." म्हणजे सामानही भरून झालं होतं आणि मला पत्ता नव्हता.

कॅरिक गावाच्या पुढे मोठा रस्ता सोडला आणि आम्ही हरवलो. फोनमधली बाई डावीकडे, डावीकडे म्हणत राहिली आणि शेवटी तिने आम्हाला एका बंद फाटकापुढे आणून सोडलं. फाटकाच्या आत तीसेक मेंढ्या. त्या आमच्याकडे बघू लागल्या आणि आम्ही त्यांच्याकडे. पाच मिनिटांनी मागून ट्रॅक्टर आला. वर म्हातारा शेतकरी, तोंडावरचा मास्क हनुवटीवर.

मी कुंडाबद्दल विचारलं. "हां, ते जपानी," तो म्हणाला. "सोपं आहे. मागे फिर. चर्च लागेल, ते सोड. मग पूर्वी जिथे दूधडेअरी होती तिथून उजवीकडे वळ."

"पूर्वी होती म्हणजे आता नाहीये?"

"आता कुठली. पाडली ना. मग पुढे युअर मॅनचं घर लागेल, तिथे नको थांबूस." युअर मॅन म्हणजे इथल्या भाषेत कोणीही, 'तो अमका'. हा अमका कोण, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतंच असं इथे गृहीत धरतात.

नसलेल्या डेअरीवरून वळायचं आणि नाव नसलेल्या माणसाच्या घरी थांबायचं नाही. मी मान डोलावली. सासूबाईंनी काच खाली करून त्याला दोन दशम्या आणि वर शेंगदाण्याची चटणी दिली, कागदात बांधून. त्याने टोपी काढली. मग ट्रॅक्टर वळवून तो स्वतःच आमच्या पुढे निघाला आणि त्याने आम्हाला थेट कुंडाच्या पाटीपर्यंत आणून सोडलं.

"रस्ता असा विचाराचा असते," सासूबाई म्हणाल्या.

जागा खरंच सुंदर होती. डोंगराचा उतार, खाली लांबट तळं, त्याच्यावर ढग अगदी खाली उतरलेले. उतारावर लाकडी खोपटं, त्यामागे दगडात बांधलेलं कुंड आणि त्याच्यातून निघणारी वाफ. मालकीण ओर्ला दारातच उभी होती. पंचेचाळिशीची, लाल केसांची, हसरी बाई. तिचे दोन्ही हात मनगटापासून खांद्यापर्यंत गोंदलेले. फुलं, मासे, लाटा, एक मोर. सासूबाई तिच्या हातांकडे पाहत राहिल्या.

"हिले लय दुखलं असन," त्या मला म्हणाल्या.

ओर्लाने आमचं तापमान बघितलं, लशीचे कागद बघितले आणि विचारलं, "टॅटू आहेत का कोणाला?"

"नाही," मी म्हणाले. अगदी सहज म्हणाले. त्याच क्षणी सासूबाईंनी सही करायला म्हणून स्वेटरची बाही मागे सारली आणि ओर्ला "ओह" म्हणाली. त्यांच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट झालेलं गोंदण आहे. तुळस, विंचू, ठिपक्यांच्या रांगा. कपाळावर एक ठिपका, हनुवटीवर तीन. चौदा वर्षं मी ते बघते आहे, आणि त्याला टॅटू म्हणतात हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. टॅटू म्हणजे ऑफिसमधल्या मुली पायाच्या घोट्यावर काढून घेतात ते.

मग ओर्लाने खुलासा केला. ती काही वर्षं जपानमध्ये इंग्रजी शिकवत होती. तिथे गरम पाण्याच्या कुंडावर गेली की दारातूनच परत पाठवत. गोंदलेलं अंग तिथे बऱ्याच ठिकाणी चालत नाही, कारण पूर्वी गुंड लोक गोंदवून घेत. एकदा तर बर्फ पडत असताना तिला तास दीड तास बाहेर बसवलं आणि मैत्रिणी आत. तेव्हाच तिने ठरवलं की आपण आपलं कुंड बांधायचं. मी हे सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांना ते पटेना.

"म्हंजे गोंदलं असन तं आत नाही घेत?"

"तिकडे जपानमध्ये. इथे घेतात."

"आमच्या गावात गोंदलं नसन त्या पोरीच्या हातचं पानी नव्हते पेत," त्या म्हणाल्या. "मंग तुले कसं घेतलं इनं?"

हे मी ओर्लाला इंग्रजीत सांगितलं, तर ती इतकी हसली की तिने खांबाला हात टेकला. मी मात्र जरा दुखावले. कुठल्या देशात कोणाला आत घेतात आणि कोणाला नाही, याचा माझ्या डोक्यात पुरता गुंता झाला होता, आणि त्या दोघी गोंदलेल्या, न गोंदलेली बाहेर मीच उभी होते.

खरी पंचाईत पुढे होती. ओर्ला म्हणाली, बायकांच्या वेळेत जपानी रीत पाळतात, कपडे घालायचे नाहीत. हवं तर अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा पोशाख चालेल, पण सैल कापड पाण्यात नको. म्हणजे सासूबाईंचं पातळ बाद. त्या सकाळी आमच्याशिवाय कोणी आलेलं नव्हतं, पण तोच तर प्रश्न होता. अनोळखी बाईसमोर एक वेळ चाललं असतं. सासूसमोर? मी पिशवीतून तो नवा पोशाख काढला, कोपरापर्यंत बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत पायांचा, आणि नजर वर न करता त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो हातात घेतला, ताणून पाहिला, सोडला. "हे रबराचं मी नाही घालत," त्या म्हणाल्या. "सगळ्या बायाच हाओत ना?"

आणि माझं काही म्हणणं व्हायच्या आत त्यांनी पातळाचा पदर सोडला. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागून आवाज येत होता, "आमी पूर्णा नदीवर धा-बारा जनी जावो. कोनाची लाज धराची?" पुण्यात शिकलेली, बारा वर्षं युरोपात राहिलेली मी आपला पोशाख अंगावर घट्ट ओढून घेत होते आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई माझ्याआधी बाहेर गेल्यासुद्धा.

बाहेर गेले तर त्या धुण्याच्या जागेपाशी थबकलेल्या. आडोशाला दगडी फरशी, वर पत्र्याचं छप्पर, फरशीवर वीतभर उंचीचे लाकडी पाट, प्रत्येक पाटाशेजारी लाकडी बादली आणि एक लहान भांडं. कुंडात उतरण्याआधी इथे बसून साबणाने स्वच्छ धुऊन घ्यायचं, असा नियम. ओर्लाने तो हातवारे करून सांगायला सुरुवात केली. सांगायची गरज नव्हती. सासूबाई केव्हाच पाटावर बसल्या होत्या.

इथे मला आमच्या घरच्या आंघोळीचा प्रकार सांगायला हवा. इकडच्या घरात आंघोळीच्या खोलीला मोरी नसते. टबात उभं राहायचं, वरून पाणी, आणि एक थेंब बाहेर सांडायचा नाही, कारण खाली लाकडी जमीन. आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात सासूबाईंनी ईराचं छोटं स्टूल घेतलं, बादली भरली आणि नेहमीप्रमाणे जमिनीवर बसून तांब्याने मस्त आंघोळ केली. पाणी जमिनीतून खाली झिरपलं आणि स्वयंपाकघराच्या छतावर हा मोठा पिवळा डाग पडला. घरमालक येऊन बघून गेला. मी सासूबाईंना काही बोलले नाही, पण ज्या पद्धतीने बोलले नाही ते त्यांना नीट कळलं. तेव्हापासून अठरा महिने त्या टबात उभ्या राहून, एका हाताने भिंत धरून आंघोळ करत होत्या. गुडघे दुखत असताना. हे मला त्या पाटापाशी, पावसात उभं असताना पहिल्यांदा जाणवलं आणि फार लाज वाटली.

त्या भांड्याने खांद्यावर पाणी ओतत होत्या. डोळे मिटलेले. पहिलं भांडं, दुसरं, तिसरं. मी मोजायचं सोडून दिलं. ओर्ला हळूच आत निघून गेली.

"बस," त्या शेवटी डोळे उघडून म्हणाल्या. "पाठ घासून देतो तुही."

"नको नको, आई, मी घेते."

"आपली पाठ आपल्याले कुठी पुरते?"

मी बसले. चौदा वर्षांत त्यांनी मला इतकं जवळून कधी हात लावला नव्हता. नमस्काराला वाकले की डोक्यावर हात, तेवढाच. आता त्या माझी पाठ रांजण घासावा तशी घासत होत्या. दुखत होतं. मला हसावं की रडावं कळेना आणि मी दोन्ही केलं नाही, नुसती बसून राहिले. मग त्यांनी दोन भांडी पाणी ओतलं, उठल्या आणि टॉवेलला हात घातला.

"झालं आंग धुनं. चाल."

"आई, अजून कुंडात उतरायचंय."

"आंग धुतल्यावर पान्यात कायले बसाचं?"

आता हे कसं समजावणार? आधी स्वच्छ व्हायचं आणि मग गरम पाण्यात काहीही न करता बसायचं. मला स्वतःलाच ते सांगताना पटेना. शेवटी गुडघ्यांचं नाव काढलं. त्यांनी वाकून पाण्यात बोट घातलं, छपरामागून येणारा धूर पाहिला, लाकडाचा ढीग पाहिला.

"चुलीवर तापवते हे?"

"हो. भट्टी आहे मागे."

"म्हंजे बंबाचं पानी," त्या म्हणाल्या. "अडीच तास गाडीत बसवून बंबाचं पानी दाखवाले आनलं मले."

पण त्या उतरल्या. आधी ओंजळभर पाणी कपाळाला लावलं, पाण्याला हात जोडले आणि मग एकेक पायरी करत गळ्यापर्यंत गेल्या. देव नसला तरी त्यांनी पाण्याचं पाण्याला दिलं. मीही उतरले. वरून बारीक थंड पाऊस, खाली चटका बसेल असं पाणी. तळ्यावरचा ढग थोडा उचलला गेला आणि पलीकडचा किनारा दिसला. दोघी दगडाला टेकून बसलो. गुडघ्यांना बरं वाटतंय का विचारलं, तर म्हणाल्या, "गुडघे हायेत का नाही तेच समजत नाही." यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही, असं मी मनाशी म्हटलं. आता बोलायचंच.

तेवढ्यात ओर्ला सातूच्या चहाचे दोन कप घेऊन आली. कप दगडावर ठेवताना तिचं लक्ष सासूबाईंच्या डाव्या दंडाकडे गेलं. तिने स्वतःच्या दंडावर बोट ठेवून मला विचारलं, "ही अक्षरं आहेत ना? नवऱ्याचं नाव का?"

मी वळून पाहिलं. दंडाच्या वरच्या भागावर, जिथे नेहमी पोलक्याची बाही असते, तिथे तीन अक्षरं होती. पुसट, पसरलेली, पण वाचता येण्याजोगी. माझ्या सासऱ्यांचं नाव वसंत. दंडावर 'कमल' लिहिलेलं होतं.

"नवऱ्याचं नाही," मी ओर्लाला म्हणाले. ती समजूतदारपणे निघून गेली.

कमल हे प्रशांतच्या मोठ्या काकूंचं नाव. म्हणजे सासूबाईंच्या जाऊबाई. अकोल्याला एकाच आवारात दोघींची घरं, मधे विटांची भिंत. ती भिंत माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची. दोन्ही भाऊ जागेवरून भांडले आणि दोन्ही घरांचं बोलणं, जाणं-येणं बंद झालं. कमलकाकूंना मी फक्त आमच्या लग्नात पाहिलं, मांडवाच्या टोकाला उभ्या होत्या, न जेवता गेल्या. सासूबाईंच्या तोंडून मी त्यांचं नाव एकदाही ऐकलेलं नव्हतं.

"आई, हे कमल…"

"तेच," त्या म्हणाल्या. चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय हाय, जवाचं पानी?"

"हे केव्हा गोंदलं?"

"नवी होतो मी घरात. सतरा वर्साची. थे दोन वर्सानं मोठी. सासूनं आमाले दोघीले जत्रेत धाडलं, नवऱ्याचं नाव गोंदून या म्हने. गोंदनारीन म्हने, सांग बाई नाव." त्या थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते मी कधी पाहिलेलं नव्हतं. "नवऱ्याचं नाव घ्याचं नसते ना तोंडानं. मी इच्याकडं पायतो, थे माह्याकडं पायते. घ्याव कसं? लिहाले येत नोतं दोघीलेबी. मागं बायाइची रांग. मंग मी म्हनलं, कमल. तिनं माहं नाव सांगतलं, शांता. घरी आलो तं सासूनं दिला मार."

"आणि काढलं नाही कधी?"

"गोंदलेलं काय निंघते? मेल्यावरबी संग जाते थे." त्यांनी दंडावरून ओला हात फिरवला. "माहं नाव तिच्या हातावर हाय. बावीस वर्सं भितीच्या पल्ल्याड हाय."

पाऊस थोडा वाढला. त्यांनी टॉवेलची घडी डोक्यावर ठेवली. मी अजूनही गोंधळलेली होते. दोन भावांच्या भांडणात या दोघी बावीस वर्षं गप्प का राहिल्या, हे विचारायचं धाडस झालं नाही. विचारायची वेळ आली नाही, कारण त्या आपणहून बोलू लागल्या.

"एप्रिलात तिचा मानूस गेला. प्रशांतनं फोन केला तिच्या पोराले, दोन मिनिटं बोलला, ठेवला. मले कोनी इचारलं नाही."

"तुम्ही फोन करायचा होतात, आई. मी लावून दिला असता."

"बावीस वर्साचं फोनवर काय बोलशीन?" त्या म्हणाल्या. "समोर जाऊन बसा लागते. बसलं का मंग बोलाची गरज नसते. चार महिने झाले. थे वाट पायत असन का शांता कशी नाही आली. आता वावरापल्ल्याडचे लोकं आले असतीन बसून गेले असतीन, अन् भितीपल्ल्याडची नाही आली."

सकाळपासून जे बोलायचं मी जुळवत होते, एकटं घर, तब्येत, इथली डॉक्टरची सोय, ईराला तुमची सवय, त्यातलं एकही वाक्य आता तोंडातून निघेना. प्रशांतला वाटत होतं की आईला रिकाम्या घराची ओढ आहे. मलाही तेच वाटत होतं. एवढ्या महिन्यांत त्यांनी न जाण्याची दहा कारणं आम्ही दोघांनी जुळवली होती. जायचं का आहे, ते एकदाही विचारलं नव्हतं.

"प्रशांतले तू सांग," त्या म्हणाल्या. "मी सांगतलं का थो लेकरासारखं करते. म्हनन, एवढे वर्सं बोलत नोती, आता कायले चालली. तुले शिकल्यासवरल्याले नीट सांगता येते."

"सांगते," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की, आई."

मग आम्ही पाण्यात बसून राहिलो. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या. निघताना ओर्लाने सासूबाईंच्या हाताचा फोटो काढू का विचारलं. त्यांनी कोपरापर्यंतचा हात पुढे केला, दंडावरची बाही मात्र खाली ओढून घेतली.

परतीच्या रस्त्यात त्या झोपल्या. मान एका बाजूला कललेली, ओले केस मोकळे, हात मांडीवर. लाँगफर्डच्या पुढे ऊन पडलं. मी नेहमीपेक्षा हळू गाडी चालवत होते. प्रवासाला जाताना माणूस काहीतरी बघायला जातो. मी ओन्सेन बघायला गेले होते, आणि जपानी स्नानाबद्दल मला आता काय कळलं असं कोणी विचारलं तर मी बावळटासारखी बघत राहीन. साबण आधी की नंतर, एवढं सांगू शकेन. ज्या बाईबरोबर अठरा महिने एका छपराखाली काढले, तिचं नाव दुसऱ्या एका बाईच्या हातावर कोरलेलं आहे, हे मला अडीच तास दूर जाऊन, अर्धवट पावसात कळलं.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. सासूबाई ईराला घेऊन आत गेल्या. प्रशांत दारातच थांबला होता, कानात हेडफोन, त्यातला एक काढून हातात धरलेला.

"बोललीस?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"मग? तिकीट रद्द करू?"

"नको. त्यांना कमलकाकूंकडे बसायला जायचंय."

"कोणाकडे?" त्याने दुसराही हेडफोन काढला. मग मी त्याला सगळं सांगितलं, पायरीवर बसून, जत्रेपासून भिंतीपर्यंत. त्याने मधे एकदाच विचारलं, की आईच्या दंडावर खरंच ते नाव आहे का, आणि मी हो म्हटल्यावर त्याने दोन्ही हेडफोन खिशात टाकले. त्या दंडावर डोकं ठेवून तो लहानपणी झोपला असेल, आणि अक्षरं वाचता येऊ लागेपर्यंत दंड बाहीआड गेला असेल.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "जाऊ दे तिला." मग उठता उठता सहज विचारल्यासारखं म्हणाला, "तुला काय वाटतं पण? तू काहीच बोलली नाहीस."

आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या ईराला प्रेसमधला कुठलासा डबा काढायला सांगत होत्या.

"मला वाटतं त्यांनी जाऊ नये," मी म्हणाले, आणि रडू लागले.